शुद्ध निषाद आणि स्पीकरची पाचवी जोडी

"पण हिच्यात खोट काय आहे, बुवा?"

शंभूबुवा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा तरी. आवाज फाटतो? घुमतो? कानाला टोचतो?"

"न्हाई."

"मग?"

"लई स्वच्छ ऐकू येतंय रं," बुवा म्हणाले. "परत घिऊन जा."

चारुदत्तने कपाळाला हात लावला. स्पीकरची ही तिसरी जोडी होती. सांगलीहून गाडीत घालून, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत आणि पाठीचं दुखणं सांभाळत त्याने ती मठाच्या एकवीस पायऱ्या चढवून आणली होती. आता तीच पुन्हा उतरवायची होती.

"बुवा, स्वच्छ ऐकू येणं हा दोष झाला का?"

"ज्याचा त्याचा दोष," बुवा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

शंभूबुवा गुरव कृष्णाकाठच्या दत्तमठात दोन खोल्यांत राहत. वय ऐंशीच्या पुढे. गाणं सुटून बारा वर्षं झाली होती, ऐकणं सुटलं नव्हतं. चारुदत्त सबनीस हा त्यांचा पट्टशिष्य. हे पट्टशिष्यपण बुवांनी त्याला कधी तोंडाने दिलं नव्हतं, त्याने आपणहून घेतलं होतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी ते त्याच्या अंगावर बरं दिसत होतं, त्यामुळे कोणी काढून घ्यायला गेलं नाही.

आठ दिवसांवर बुवांचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. सगळे शिष्य जमणार, गावोगावचे जाणकार येणार. त्या दिवशी मठाच्या सभामंडपात इचलकरंजीच्या मैफलीची टेप लावायची, असं चारुदत्तने ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे काय, निमंत्रणपत्रिकेत छापलंच होतं.

बत्तीस वर्षांपूर्वीची ती मैफल. बुवा भीमपलास गायले होते, आणि मागे तंबोऱ्यावर, स्वरसाथीला, सव्वीस वर्षांचा चारुदत्त होता.

त्या भीमपलासात बुवांनी एक शुद्ध निषाद लावला होता.

भीमपलासात निषाद कोमल. गाणं शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. तिथे शुद्ध निषाद लावणं म्हणजे सोवळ्यातल्या पंक्तीत चपला घालून जाण्यासारखं. पण बुवांनी तो असा लावला, इतका लांबवला आणि असा अलगद खाली आणला, की लोक आधी दचकले आणि मग माना डोलवायला लागले. तेव्हापासून ती जागा 'शंभूबुवांचा निषाद' म्हणून गाजली.

ती गाजवण्यात चारुदत्तचा हात मोठा होता. त्याने तिच्यावर लांबलचक लेख लिहिला होता. भाषणं दिली होती. आपल्या क्लासातल्या चाळीस विद्यार्थ्यांकडून ती घोटून घेतली होती. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्याच्या विद्यार्थिनीला रागभंग केला म्हणून बाद केलं, तेव्हा हा भर मंडपात उठून परीक्षकांशी भांडला होता. आणि प्रत्येक भाषणाचा शेवट ठरलेला असे: "बुवांनी तो निषाद लावला आणि मागून मी तो क्षणात उचलला. सव्विसाव्या वर्षी!"

त्या मैफलीची मूळ टेप, मोठ्या चकतीची, बुवांच्या ट्रंकेत असे. बुवा ती मठाबाहेर जाऊ देत नसत. चारुदत्तकडे होती ती कॅसेटवरून उतरवलेली कॅसेट. तिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त होती. मूळ टेप ऐकायची तर इथेच, बुवांच्या जुन्या यंत्रावर आणि बुवांच्या त्या जुन्या स्पीकरवर.

ते स्पीकर म्हणजे एक प्रकरणच होतं. सागवानी खोकी, चहाच्या पेटाऱ्याएवढी. चारुदत्तनेच ती पहिल्या पगारातून गुरुदक्षिणा म्हणून आणून दिली होती. उजव्याचा कागदी पडदा उंदराने कुरतडला, त्याला बुवांनी पतंगाचा कागद खळीने चिकटवला होता. डाव्यात तंबोरा वाजायला लागला की आत भुंगा अडकल्यासारखा आवाज येई. वरचे स्वर गोधडीतून आल्यासारखे येत. बुवांचा त्यांच्यावर जीव होता. रोज सकाळी देवाच्या आधी त्यांच्यावरची धूळ पुसली जाई.

पहिली नवी जोडी आली तेव्हा बुवा म्हणाले, "हिला रंगाचा वास येतोय."

दुसरी जोडी चांगली माणसाच्या छातीएवढी उंच होती. बुवा म्हणाले, "ही पावण्यासारखी उभी ऱ्हाते. सारखं बसा म्हणावंसं वाटतं. गाण्यात लक्ष लागत न्हाई."

आणि आता तिसरीतून स्वच्छ ऐकू येत होतं!

आणखी एक गोष्ट चारुदत्तला सलत होती. जोडी कुठलीही असो, बुवा परीक्षेला सनईच लावायला सांगत.

"बुवा, एकदा इचलकरंजीची टेप लावून बघू या ना."

"सनई लाव."

"पण सोहळ्याला आपण भीमपलास ऐकवणार आहोत."

"ऐकव की. जुन्यावर ऐकव."

"जुन्यावर काही कळत नाही, बुवा!"

"तीस वर्षं कळत न्हवतं का तुला?"

चारुदत्तने तिसरी जोडी उचलली आणि पायऱ्या मोजत खाली गेला.

दोन दिवसांनी तो आला तो तणतणतच. या वेळी त्याने बरोबर आणले होते मुलीच्या कॉम्प्युटरचे स्पीकर. साबणाच्या डबीएवढे, प्लॅस्टिकचे, एकाची जाळी चेपलेली. ते त्याने बुवांसमोर जवळजवळ आपटलेच.

"घ्या! आता ह्यांना तरी नावं ठेवा."

सनई लागली. सनई कसली, बाटलीत कोंडलेला डास.

बुवांनी डोळे मिटले. मान हलवली. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"झकास," ते म्हणाले. "ही ठेव."

"बुवा!"

"का रं?"

"ह्यातून काहीएक ऐकू येत नाही!"

"म्हणूनच म्हंतोय की."

चारुदत्तला वाटलं, आता इथेच, दत्तगुरूंच्या साक्षीने, आपण मोठ्याने ओरडणार. म्हातारपणी माणसाचं पोर होतं हे त्याने ऐकलं होतं. पण पोराला निदान दोन धपाटे तरी देता येतात. गुरूला काय देणार? त्याने डब्या पिशवीत कोंबल्या, नमस्कार केला आणि दातओठ खात तो घरी गेला.

पाचवी जोडी पुण्याच्या एका कारागिराकडची होती. तो माणूस वर्षाला मोजक्याच जोड्या बनवी. शिसवी लाकूड, बुटकी बांधणी, पुढे जाड विणीचं कापड. चारुदत्तने आठ फोन केले, ओळखी काढल्या, तेव्हा कुठे चार दिवस ऐकून बघायला म्हणून ती मिळाली. सोहळा परवावर आला होता.

दुपारी तीनच्या सुमारास ती बुवांच्या खोलीत बसली. सनई लागली.

खोलीत फरक पडला. वाजवणाऱ्याने श्वास घेतलेला ऐकू आला. त्याच्या ओठांवर पत्ती टेकलेली ऐकू आली. सूर भिंतीतून निघाल्यासारखा आला आणि बुवांच्या पुढ्यात येऊन थांबला.

बुवांचे डोळे भरून आले होते.

"चांगली हाय," ते म्हणाले. "लई चांगली हाय."

चारुदत्तचा जीव भांड्यात पडला.

"पण नको."

"का?" चारुदत्त आता खरंच ओरडला. "का नको? आत्ता डोळ्यांत पाणी आलं तुमच्या! वास नाही, उंची नाही, काही नाही. मग का नको?"

बुवांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"मला कळतंय," चारुदत्त म्हणाला. त्याचा आवाज जरा मऊ झाला. "जुनी जोडी मी दिलेली आहे, म्हणून तुम्हाला सोडवत नाही. पण बुवा, मीच सांगतोय ना? माझ्या मनाला काही लागणार नाही."

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. काठी घेऊन उठले.

"मी जरा घाटावर पाय धुऊन येतो," ते म्हणाले. "तोवर तू ही बांधून ठेव."

काठीचा आवाज पायऱ्या उतरत गेला.

चारुदत्तने दोरी घेतली. ठेवली. पुन्हा घेतली. मग त्याला आठवलं, की भीमपलास हा याच वेळचा राग. त्याने ट्रंक उघडली. कुलूप नव्हतंच. धोतरजोडीखाली ती चकती होती.

गुरूच्या माघारी गुरूची ट्रंक उघडायची म्हणजे मनाला टोचतंच. पण आपलं बरोबर आहे याची खात्री असली की माणसाला फारसं टोचत नाही. चारुदत्तला खात्री होती. त्याने टेप यंत्रात अडकवली आणि खटका दाबला.

आधी लोकांची कुजबुज आली. कोणीतरी खोकलं. मग दोन तंबोरे, एकमेकांत मिसळलेले पण दोन. तीस वर्षांत त्याला ते कधी वेगळे ऐकू आले नव्हते. उजवा तंबोरा आपला, हे त्याने ओळखलं.

बुवांनी षड्ज लावला. काय तो आवाज! चारुदत्त भिंतीला टेकून मांडी घालून बसला. असं स्वच्छ ऐकू येत असताना म्हातारा नको म्हणतो, याचा त्याला पुन्हा एकदा संताप आला.

आलाप पुढे सरकला. ती जागा जवळ आली तशी त्याने पाठ ताठ केली. लेखात त्याने लिहिलं होतं, 'पंचमावर बुवा क्षणभर विसावतात, आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना तो निषाद प्रकटतो.'

बुवा पंचमावर विसावले.

आणि मागून एक कोवळा आवाज पुढे सरकला. उत्साही, जरा घाईचा. गुरूने सोडलेली जागा भरायला निघालेला. तो पंचमावरून वर चढला आणि निषादावर जाऊन बसला.

शुद्ध निषादावर.

एकटाच.

अर्धा श्वास गेला असेल नसेल... मग बुवांचा आवाज आला. त्याच निषादावर आला, त्या कोवळ्या आवाजाला पोटात घेऊन. बुवांनी तो स्वर लांबवला, फिरवला, हा मुद्दामच लावलाय असा सगळ्यांना दाखवला. मग वरच्या षड्जाला स्पर्श करून कोमल निषादावरून हळूहळू खाली पंचमावर आणून सोडला.

"वाऽऽ!" टेपमधले लोक म्हणाले.

चारुदत्तने टेप मागे फिरवली. पुन्हा ऐकली.

पुन्हा फिरवली.

तिसऱ्यांदा तर त्याला घशातला तो गचकाही ऐकू आला. चूक कळल्यावर पोराचा आवाज मधेच गिळला गेला होता, त्याचा. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, की बुवांनी निषाद लावला आणि आपण तो उचलला. बत्तीस वर्षं त्याला हेच आठवत आलं होतं, आणि त्यात लबाडी नव्हती. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. याला तेही नव्हतं.

दारात बुवा उभे होते. पाय ओले होते.

यंत्र चालूच होतं. चारुदत्तने ते बंद केलं.

"बुवा..."

बुवा आत आले. सतरंजीवर बसले.

"तो निषाद..."

"कंचा?"

"तो माझा होता."

बुवांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या मैफलीत लागलेला सूर माझाच की," बुवा म्हणाले. "गाणारा मी हुतो."

"चूक माझी होती!" चारुदत्तचा आवाज कापत होता. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी लेख लिहिला. भाषणं दिली. त्या पोरीसाठी परीक्षकांशी भांडलो. चाळीस जणांना मी माझीच चूक घोटून घोटून शिकवली! त्या जागेची सगळी पोथी लोकांना उलगडून सांगितली, आणि तुम्ही इथे बसून ऐकत होतात. एकदा तरी म्हणायचंत, गाढवा, थांब."

"एकदा म्हणणार हुतो."

"मग?"

"तेवढ्यात तुझा लेख छापून आला," बुवा म्हणाले. "लई आनंदात हुतास तू."

चारुदत्तने तोंड फिरवलं. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो आणखी चिडला.

"परवा मी सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "उभा राहून सांगतो. ती चूक माझी, माझ्या अज्ञानाची. गुरूंनी झाकली. बत्तीस वर्षं मी लोकांना फसवलं..."

"म्हंजे परवाच्याला पण तुझंच कीर्तन."



बाहेर कोणीतरी घंटा वाजवली आणि निघून गेलं.

"तंबोरा काढ," बुवा म्हणाले.

"आत्ता?"

"भीमपलासाची येळ हाय."

चारुदत्तने कोपऱ्यातला तंबोरा आणला. गवसणी काढली, तारा मिळवल्या. सवयीने तो बुवांच्या मागे जाऊन बसू लागला.

"तिथं न्हाई. फुडं बस."

तो पुढे बसला. बुवा सतरंजीवरून कसेबसे उठले, गुडघ्यावर हात टेकत त्याच्या मागे गेले आणि बसले. तंबोरा त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"बुवा, हे काय... तुम्ही मागे?"

"गा."

चारुदत्तने डोळे मिटले. षड्ज लावला. त्याच्या आवाजात अजून कंप होता. हळूहळू तो बसला, आलाप मार्गी लागला. मागून बुवांचा आवाज साथीला येत होता. बारा वर्षं न गायलेला, वाळलेल्या शेंगेसारखा. गंधार, मध्यम, पंचम. चारुदत्त पंचमावर थांबला. निषाद लावायचा नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मागून बुवांनी जागा भरायला घेतली.

आणि बुवांचा सूर घसरला. थोडाथोडका नाही. पंचमावरून खाली येताना तो कोमल गंधार सोडून भलत्याच ठिकाणी, सरळ शुद्ध गंधारावर जाऊन पडला.

चारुदत्त चटकन वळला. कपाळावर आठ्या, डोळे मोठे. क्लासात चुकणाऱ्या पोराकडे तो नेमका असाच बघायचा.

तंबोरा थांबला.

म्हाताऱ्याचा गळा खरंच घसरला, की त्याने मुद्दाम घसरवला, हे चारुदत्तला शेवटपर्यंत कळलं नाही. बुवांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. ते नुसते त्याच्या वळलेल्या मानेकडे बघत होते.

"त्या दिवशी," बुवांनी विचारलं, "मी वळून बघितलं हुतं का रं?"

चारुदत्तची मान खाली गेली.

"नाही," तो म्हणाला.

बुवांनी तंबोरा आडवा ठेवला. गवसणी घातली, नाडी बांधली. त्यांच्या बोटांना गाठ जमत नव्हती, तेव्हा चारुदत्तने ती बांधली.

"पोरांना काय सांगू?"

"काय शिकिवलंस त्यास्नी?"

"तो निषाद."

"गोड लागतोय का त्यांच्या गळ्यात?"

"...लागतो."

"मग ऱ्हाऊ दे की."

"आणि ही जोडी? परत नेऊ?"

"आता कशाला नेतोस?" बुवा म्हणाले. "तुझी जुनी ने. मला तिचं काम उरलं न्हाई."

चारुदत्तने त्या सागवानी खोक्यांकडे पाहिलं. पतंगाचा कागद उजव्याला अजून घट्ट बसला होता. आपल्या दक्षिणेवर बुवांचा जीव आहे, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. बुवा त्या खोक्यांकडून कसलं काम करून घेत होते, ते त्याला आत्ता कळलं. त्याने वाकून बुवांच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं, आणि या वेळी ते उचलायला त्याला वेळ लागला.

"परवा टेप लावू?"

"लाव की. पत्रिकेत छापलंयस न्हवं?"

"ह्याच जोडीवर?"

"ह्याच."

"सगळे जाणकार येतील, बुवा. त्यांना ऐकू येईल. माझं जाऊ द्या, पण तुमच्या नावाची ती जागा..." चारुदत्त अडखळला. "म्हणतील, शंभूबुवांचा निषाद शिष्याच्या चुकीतून निघाला."

बुवा हसले. पुरे दात नव्हते, तरी तोंडभर हसले. मग भिंतीला टेकले, पाय लांब केले, आणि घाटाकडच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"आमच्या गुरुजींच्या मागं मी अकरा वर्षं बसलो," ते म्हणाले. "एकदाबी मान वळवली न्हाई त्यांनी... आणि मैफल सुटल्यावर लोक चपला शोधता शोधता म्हणायचे, काय एकेक जागा सुचतात हो ह्या माणसाला!"